पडदा रंगविणारा, पडदा उजळविणारा : कलामहर्षी बाबुराव पेंटर

परभणी (प्रतिनिधी) : शेतकरी, सावकार आणि कर्जाचा कागद या तिघांची गोष्ट परभणी जिल्ह्याला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. पावसाने दगा दिला, कापसाला भाव मिळाला नाही, की घरातील दागिना आणि बांधापलीकडची जमीन कोणत्या दाराशी जाते, हे येथील गावोगावच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मात्र हीच गोष्ट रुपेरी पडद्यावर आणण्याचे धाडस आपल्याकडे प्रथम कोणी केले, असे विचारले तर बहुतेकांना 'दो बीघा जमीन' किंवा 'मदर इंडिया' आठवतात. या दोन्ही चित्रपटांच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या एका चित्रकाराने 'सावकारी पाश' नावाचा मूकपट काढला होता. त्या चित्रकाराचे नाव बाबुराव कृष्णराव मेस्त्री. महाराष्ट्राने त्यांना बाबुराव पेंटर या नावाने ओळखले आणि कलामहर्षी ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली.

दादासाहेब फाळके यांनी हिंदुस्थानात चित्रपट जन्माला घातला, याबद्दल दुमत नाही. व्ही. शांताराम यांनी तो जगापुढे नेला, हेही सर्वमान्य आहे. या दोन शिखरांच्या मधोमध उभे असलेले बाबुराव मात्र आजच्या प्रेक्षकाच्या स्मरणातून हळूहळू पुसट होत चालले आहेत. त्याला कारणही तसेच आहे. फाळक्यांच्या चित्रपटांचे काही भाग आज पाहता येतात, शांताराम यांचे बोलपट अजूनही दाखविले जातात. बाबुरावांचे मूकपट बहुतांश नष्ट झाले. ज्याने पडद्याला रूप दिले, त्याचाच पडदा आज रिकामा आहे.

सुताराच्या घरातील कलावंत

बाबुरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर होते. लाकूड आणि हस्तिदंत यांवरील कोरीवकाम, चित्रकला, शिल्पकला या साऱ्यांत त्यांचा हात चालत असे. कलाशाळेचे शिक्षण बाबुरावांना लाभले नाही. घर हीच त्यांची शाळा झाली. हत्यार कसे धरावे, रंग कसा कालवावा आणि एखादी वस्तू मोडली तर ती खोलून पुन्हा कशी जुळवावी, हे ते पाहतापाहता शिकले. पुढे त्यांच्या आयुष्यात ब्रश आणि पान्हा ही दोन्ही साधने बरोबरीने नांदली, त्याचे मूळ या घरात होते.

त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे वयाने मोठे आणि तितकेच गुणी. या दोघांनी १९१० नंतर नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगविण्यास प्रारंभ केला. तो संगीत रंगभूमीचा बहराचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देवालय असे जे जे नाटकात हवे असे ते कापडावर रंगवून रंगमंचाच्या मागे सोडले जाई. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळींसाठी या बंधूंनी रंगविलेल्या पडद्यांनी नाव कमावले. सपाट कापडावर खोली भासवायची, दूरचा कळस दूरच वाटला पाहिजे आणि जवळचा खांब हाताला लागेल असा दिसला पाहिजे, ही त्या कामाची कसोटी होती. 'पेंटर' हे नाव त्यांना चिकटले ते या कामामुळेच.

कोल्हापूरची हवाही या कामाला पोषक होती. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत गाणे, नाटक, चित्रकला आणि कुस्ती यांना राजाश्रय मिळाला होता. आबालाल रहिमान यांच्यासारखे चित्रकार या नगरीत निसर्गचित्रे रंगवीत होते. रंगांची जाण गल्लीबोळात होती, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

घरी घडविलेला कॅमेरा

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या चित्रपटाने पेंटर बंधूंना झपाटून टाकले. रंगविलेला पडदा स्तब्ध असतो. येथे तर पडद्यावरचे चित्र चालत होते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र मिळविले आणि ते चालवूनच चलच्चित्राचे गणित समजून घेतले.

पुढचा प्रश्न कॅमेऱ्याचा होता. विलायती कॅमेरा विकत घ्यावा एवढा पैसा जवळ नव्हता. म्हणून तो स्वतःच घडवावयाचा, असा निश्चय आनंदरावांनी केला. काम सुरू झाले, परंतु ते पूर्ण होण्यापूर्वीच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. भाऊ आणि गुरू एकाच वेळी गेला. बाबुरावांनी मात्र अर्धवट राहिलेले यंत्र बाजूला ठेवले नाही. विष्णुपंत दामले या तरुण सहकाऱ्याला हाताशी धरून त्यांनी १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा सिद्ध केला. मोठे कारखाने नसलेल्या गावात, सुतार-लोहारांच्या हत्यारांवर भिस्त ठेवून हा कॅमेरा तयार झाला, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे.

यंत्र झाले, तरी कंपनीसाठी भांडवल लागतेच. ते उभे करण्यात तानीबाई कागलकर या गायिकेचा वाटा मोठा होता. चित्रपटाचा धंदा म्हणजे बुडीत खाते असे मानले जाई, अशा काळात एका गायिकेने या कारागिरावर विश्वास टाकला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती या विश्वासावर.

'सैरंध्री' आणि टिळकांचे सुवर्णपदक

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम ही महाभारतातील कथा प्रेक्षकांच्या परिचयाची होती. परंतु कीचकवधाचे दृश्य बाबुरावांनी इतके हुबेहूब घेतले होते की चित्रपटगृहात किंकाळ्या उठल्या, असे सांगितले जाते. इंग्रज सरकारने त्या दृश्याला कात्री लावली. या कथेवरील खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने यापूर्वीच बंदी घातलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे सरकारची चिंता केवळ रक्ताच्या दृश्याची नसावी, असे वाटू लागते.

लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला. त्यांनी बाबुरावांना सुवर्णपदक दिले आणि 'सिनेमा केसरी' या पदवीने गौरविले. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्यांचे निधन झाले.

या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम साळुंके या पुरुषाला करावे लागले होते. पुढे फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी स्त्रीने कॅमेऱ्यापुढे उभे राहणे ही अद्याप लाजिरवाणी बाब समजली जात होती. बाबुरावांच्या कंपनीत गुलाबबाई आणि अनसूयाबाई या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. कंपनीच्या आवारात त्यांना मान होता, बाहेरचा समाज मात्र सहजासहजी तो देण्यास तयार नव्हता.

रंगविलेला पडदा खाली उतरविला

फाळके आणि बाबुराव यांच्या चित्रपटांतील फरक येथे समजून घेतला पाहिजे. फाळके हे चमत्काराचे बादशहा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला, छपाई, छायाचित्रण आणि जादूचे प्रयोग यांत रमलेला हा माणूस पडद्यावर हनुमान उडवून दाखवी, यमुनेच्या डोहात कालिया नाचवी. 'लंकादहन' पाहावयास लोटलेली गर्दी त्या चमत्काराला भुलली होती. दृश्य मात्र पुष्कळदा नाटकासारखे समोरून दिसे. मागे रंगविलेला देखावा, पुढे पात्रे आणि समोर स्थिर कॅमेरा, अशी ती मांडणी असे.

बाबुराव स्वतः पडदे रंगवून नावारूपाला आलेले. आपल्या चित्रपटातून त्यांनी नेमका तोच पडदा बाजूला केला. त्याच्या जागी खांब, कमानी, भिंती आणि जिने असलेले खरेखुरे देखावे त्यांनी उभारले. पात्र खांबामागून पुढे येऊ लागले, त्याची सावली भिंतीवर पडू लागली. चित्रीकरणापूर्वी पात्रांचे वेष, दागिने आणि हालचाली यांची चित्रे ते काढीत असत. दृश्य हळूहळू उजळत जाणे आणि हळूहळू अंधारात विरणे, या युक्त्या त्यांनी आपल्या चित्रपटांत रूढ केल्या. रंगीत काचा लावून प्रकाशाची प्रत बदलण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

योगायोग असा की, 'सैरंध्री' पुण्यात लागला त्याच फेब्रुवारी महिन्यात बर्लिनमध्ये 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' हा चित्रपट प्रदर्शित झाला. जर्मन कलावंतांनी त्यात वेड्यावाकड्या भिंती, तिरकस खिडक्या आणि सावल्यासुद्धा रंगवून काढल्या होत्या. मनाचा विस्कटलेपणा दाखविण्यासाठी त्यांना रंगविलेले जग हवे होते. कोल्हापूरच्या चित्रकाराला हवे होते ते जग रंगविल्यासारखे वाटू नये म्हणून घडविलेले. दिशा परस्परविरुद्ध होत्या. तरीही कथेइतकेच दृश्यही बोलते, हा दोघांचा विश्वास एकच होता.

१९२३ मध्ये आलेल्या 'सिंहगड'ने आणखी एक पाऊल पुढे टाकले. हरि नारायण आपटे यांच्या गाजलेल्या कादंबरीवर आधारित हा ऐतिहासिक चित्रपट. तानाजीची चढाई रात्रीची. तोपर्यंतचे चित्रीकरण सूर्यप्रकाशाच्या भरवशावर चाले. बाबुरावांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. चित्रपटावर लोक तुटून पडले. ती गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, अशी आख्यायिका चित्रपटसृष्टीत आजही सांगितली जाते.

चित्रपटाच्या जाहिरातीचे रूपही त्यांनी पालटले. कथासार आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या. भिंतीवर लावण्याची मोठी चित्रे ते स्वतः रंगवीत. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिचित्र हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट भित्तिचित्रांपैकी एक समजले जाते. चित्रपट हरवला आणि त्याची जाहिरात उरली.

'सावकारी पाश' : झोपडीतला अंधार

देव, दानव आणि इतिहासपुरुष यांच्यावर प्रेक्षक खूश होते. गल्ला भरत होता. अशा वेळी बाबुरावांनी नारायण हरि आपटे यांची कथा निवडली. कर्जात अडकलेला शेतकरी, खोटा कागद करणारा सावकार, हातची गेलेली जमीन आणि शेवटी पोटासाठी शहरात जाऊन गिरणीत मजूर झालेला शेतकरी, एवढीच ती कथा. शेतकरी तरुणाची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली.

सावकारी हा दख्खनचा जुना आजार होता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले होते. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. कायदा झाला, पण पाश सुटला नाही. 'सावकारी पाश' निघाला त्या वेळी परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. देशमुख, सावकार आणि सरकारी सारा यांच्या कात्रीत येथील कुळे सापडलेली होती. पडद्यावरचा शेतकरी कोल्हापूरकडील असला, तरी त्याचे दुःख गोदाकाठच्या शेतकऱ्याला परके नव्हते.

या चित्रपटातील एका दृश्याचे वर्णन जुन्या जाणकारांनी पुन्हा पुन्हा केले आहे. रात्र, अंधारात बुडालेली मोडकी झोपडी आणि जवळच रडणारे कुत्रे. मूकपट असल्याने रडणे ऐकू येणे शक्यच नव्हते. तरीही प्रेक्षकाला ते ऐकू आले, अशी त्या दृश्याची ख्याती आहे. 'सिंहगड'साठी ज्याने रात्र उजळविली, त्यानेच येथे अंधार तसाच ठेवला. प्रकाश कोठे टाकावा हे अनेकांना कळते. तो कोठे टाकू नये, हे कळण्यास चित्रकाराचा डोळा लागतो.

चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही. दिवसभर कष्ट करून आलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर पुन्हा कष्टच पाहावयाचे नव्हते. त्याच वर्षी रशियात आयझेन्स्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' आणि अमेरिकेत चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' हे चित्रपट आले. एकाने भुकेचे आणि अपमानाचे बंड केले, दुसऱ्याने भुकेवर हसविले. त्या दोन्ही चित्रपटांच्या प्रती जतन झाल्या आणि जगभरच्या चित्रपटशाळांतून त्या दाखविल्या जातात. 'सावकारी पाश'च्या मूकपटाची प्रत उरली नाही. इटलीतील डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' १९४८ चा, बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' १९५३ चा, सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ चा. कालक्रम पाहिला म्हणजे बाबुराव किती आधी या वाटेने चालून गेले होते, हे लक्षात येते. मात्र पुढच्यांनी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवले, असे म्हणता येत नाही. ती पावले दिसण्याची सोयच राहिली नव्हती.

शिष्य निघून गेले

महाराष्ट्र फिल्म कंपनी हे एक गुरुकुलच होते. दामले यंत्रात तरबेज झाले, शेख फत्तेलाल यांनी कलादिग्दर्शनात हात बसविला, केशवराव धायबर आणि शांताराम कॅमेरा, अभिनय, दिग्दर्शन अशी सर्व कामे करीत तयार झाले. शांताराम यांनी १९२१ च्या 'सुरेखाहरण'मध्ये प्रथम भूमिका केली आणि १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' दिग्दर्शित करण्याची संधीही त्यांना येथेच मिळाली.

बाबुराव मितभाषी, आपल्या कामात बुडालेले आणि घाई न मानणारे. मनासारखे झाल्याखेरीज दृश्य पुढे सरकत नसे. शिष्यांच्या मनात मात्र नव्या कल्पना होत्या, वय तरुण होते आणि काळ झपाट्याने बदलत होता. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साह्याने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. उजवे-डावे दोन्ही हात गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ तग धरू शकली नाही. काही वर्षांतच तिचे काम थांबले.

तेवढ्यात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. बाबुरावांना बोलपटाचे फारसे आकर्षण नव्हते. वर्षानुवर्षांच्या कष्टाने कमावलेली दृश्यभाषा शब्दांच्या पुरात वाहून जाईल, अशी त्यांची धारणा होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सुरुवातीचे अनेक बोलपट म्हणजे ध्वनिग्राहकाभोवती जमलेली, गाणी म्हणणारी पात्रे होती. परंतु प्रेक्षकाला आवाज हवा होता आणि काळ कोणासाठी थांबत नसतो. १९३७ मध्ये फाळक्यांनीही कोल्हापुरात येऊन 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट केला. मूकपटाचे दोन आचार्य त्या दशकात एकाच नगरीत आवाजाशी झुंजत होते आणि दोघांनाही तो पुरता वश झाला नाही.

गुरूची भाषा, शिष्यांची वाणी

बाबुरावांची खरी परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या चित्रपटांत करावी लागते. शांताराम यांनी १९३३ मध्ये गुरूच्याच पहिल्या चित्रपटाची कथा घेऊन 'सैरंध्री' काढला आणि त्याला रंग देण्यासाठी जर्मनीची वाट धरली. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि चित्रपट पडला. पण १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहन यांचे डोळे त्यांनी ज्या ताकदीने पडद्यावर आणले, त्यात दृश्याच्या बळावरचा गुरूचाच विश्वास दिसतो. १९३७ चा 'कुंकू' हा नारायण हरि आपटे यांच्याच कादंबरीवरचा. 'सावकारी पाश'चा लेखक बारा वर्षांनी शिष्याकडे आला आणि सामाजिक चित्रपटाला हवे असलेले यश या वेळी लाभले. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत वापरलेले नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाजच तेथे संगीताचे काम करतात. बोलपटानेही दृश्याचा मान राखता येतो, याचे ते उत्तर होते.

शांताराम यांच्या शैलीत भव्यता आणि प्रयोगाची ओढ होती. ती 'झनक झनक पायल बाजे'च्या रंगांपर्यंत पोचली. दामले-फत्तेलाल यांची वाट साधेपणाची. त्यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. देहूचे घर, शेत, जिजाईची तक्रार आणि विष्णुपंत पागनीसांचा निरागस चेहरा यांतून त्यांनी भक्ती उभी केली. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये या चित्रपटाचा गौरव झाला. संतांना चमत्कारांपेक्षा संसारात दाखविण्याची ही रीत प्रभातने पुढेही चालविली. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंवरही प्रभातचा चित्रपट १९४९ मध्ये निघाला आणि हंसा वाडकर यांनी त्यात जनाबाई साकारली. एका गुरूच्या हाताखालून भव्यता आणि साधेपणा असे दोन प्रवाह निघावेत, हे त्या गुरूच्या शिकवणीचे मोठेपण होय. त्याने शिष्यांना आपली नक्कल शिकविली नव्हती, पाहावे कसे हे शिकविले होते.

अखेरचे पर्व

बाबुराव स्वस्थ बसले नाहीत. १९३५ मध्ये 'उषा' आणि १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून, त्यांनी शालिनी सिनेटोनसाठी केला. अपयशी ठरलेल्या कथेकडे अकरा वर्षांनी परतण्यामागे हट्ट होता आणि श्रद्धाही. त्यानंतर 'प्रतिभा', 'साध्वी मीराबाई' हे चित्रपट आले. १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटाच्या निमित्ताने गुरू आणि शिष्य पुन्हा एकत्र आले. चित्रपट शांताराम यांच्या राजकमलचा, दिग्दर्शनाची सुरुवात बाबुरावांची आणि तो पूर्णत्वास नेण्यात शांताराम यांचा हात. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या या चित्रपटाने पुढे कितीतरी वर्षे चाललेल्या तमाशापटांची पायवाट मोकळी केली. या चित्रपटाला अमाप लोकप्रियता मिळाली, पण कॅमेरा स्वतः घडविणाऱ्या माणसाला ती उतारवयात आणि वाटून मिळाली.

ब्रश मात्र त्यांनी अखेरपर्यंत खाली ठेवला नाही. तैलचित्रे, शिल्पे हा त्यांचा मूळचा छंद आणि विसावा. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या आणि आनंदरावांच्या स्मृतीसाठी कोल्हापूरकरांनी कॅमेऱ्याच्या आकाराचे स्मारक उभारले आहे.

रिकाम्या डब्यांचा धडा

बाबुरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला', 'सती सावित्री' अशा मोजक्या चित्रपटांचे अंश तेवढे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्यात राहिले. हे संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती चटकन पेट घेई, उष्म्याने चिकटून जाई आणि तिच्यातील चांदीसाठी ती वितळविलीही जात असे. चित्रपट एकदा दाखवून झाला की त्याचे मोल संपले, असेच मानले जाई. ज्यांनी इतिहास घडविला, त्यांना आपण इतिहास घडवीत आहोत याची जाणीव नसते. ती जाणीव ठेवणे हे मागून येणाऱ्यांचे काम असते आणि आपण ते वेळेवर केले नाही.

मराठवाड्यातील जत्रांमधून तंबूतला सिनेमा पाहिलेली पिढी आता थकली आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील एकपडदा चित्रपटगृहे ओस पडत आहेत. आज मुलांच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, रात्री चित्रीकरण करण्यासाठी कोणाला झटावे लागत नाही आणि हवा तो राजवाडा संगणकावर उभा राहतो. रूप मिळविणे सोपे झाले. परंतु शेतकऱ्याच्या झोपडीतला अंधार दाखवावयाचा तर अजूनही तिच्या दारापर्यंत जावे लागते आणि प्रेक्षक येणार नाहीत हे ठाऊक असताना तेथे थांबावे लागते. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा २०१४ मध्ये झाला, म्हणजे 'सावकारी पाश' येऊन गेल्यावर तब्बल ८९ वर्षांनी. पडद्याचे रूप कितीदा तरी पालटले, त्या चित्रपटाचा विषय मात्र जुना झाला नाही. परभणीसारख्या जिल्ह्यातून उद्या एखादा तरुण हातात कॅमेरा घेऊन निघाला, तर ज्या चित्रपटाची एकही फीत उरलेली नाही त्या चित्रपटाचे नाव त्याने एकदा तरी ऐकलेले असावे, एवढीच अपेक्षा.